पाच हजार रुपयांचे पौंड किती?

बाबांना अँजिओप्लास्टीसाठी आत घेण्याआधी अडीच लाख रुपये भरायला सांगितले, तेव्हा लालबागमध्ये रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि मी राहतो त्या कोलोन शहरात संध्याकाळचे सात. जून २०२४. जर्मनीत त्या दिवसांत सात वाजताही लख्ख ऊन असतं. आई फोनवर रडत नव्हती, हिशोब करत होती. घरात वीस हजार आहेत, कार्डावर पन्नास निघतील, मेडिक्लेमवाले सकाळी फोन उचलतील, एफडी मोडायची तर बँक उघडायला हवी. मी तिला मध्येच तोडलं. म्हटलं, "आई, थांब. मी पाठवतो. पाच मिनिटांत येतील."

२,८५० युरो. ॲपमध्ये तीन स्क्रीन, एक ओटीपी, हिरवी टिकमार्क. 'शुल्क : शून्य'. मी स्क्रीनशॉट आईला पाठवला आणि स्वतःवर खूश झालो. वीस मिनिटांनी ईमेल आला : आपला व्यवहार तपासणीसाठी थांबवण्यात आला आहे.

कारण नंतर कळलं. ॲपमध्ये मी आईचं नाव आणि आडनाव एवढंच लिहिलं होतं. तिच्या खात्यावर नाव तीन शब्दांचं. मधला शब्द म्हणजे अर्थात बाबांचं नाव. तो गाळल्यामुळे कुठल्यातरी यंत्राला या दोन वेगळ्या बायका वाटल्या. ज्या माणसासाठी पैसे पाठवत होतो, त्याच्याच नावावाचून ते अडकले. चार दिवसांनी पोचले.

त्या रात्री पैसे भरले ते आमच्या शेजारच्या काकांनी. त्या महिन्यात त्यांची भिशी लागली होती. एक लाख ऐंशी हजार रुपये त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून, आमच्या चुलतभावाच्या स्कूटरवर मागे बसून नेऊन दिले. बाबा आता ठणठणीत आहेत आणि जेवणात मीठ नाही म्हणून रोज कुरकुरतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. एखादी गोष्ट बंद पडली की ती उघडून बघायची, ही आमची व्यावसायिक खोड. त्या चार दिवसांत मला झोप नव्हतीच, म्हणून मी वाचत बसलो : पैसे 'जातात' म्हणजे नक्की काय होतं? वाचता वाचता निघालो युरोपातून आणि पोचलो परळच्या पोयबावडीला, आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर.

*

पहिली गोष्ट कळली ती अशी की पैसे जात नाहीत.

'स्विफ्ट' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ही संस्था १९७३ साली ब्रुसेल्समध्ये स्थापन झाली. तिच्या नेटवर्कवरून फिरतात ते फक्त निरोप : अमुक खात्यातून इतके कमी केले, तुम्ही तुमच्याकडे तमुक खात्यात इतके वाढवा. त्यासाठी बँका एकमेकींकडे आधीच खाती उघडून पैसे ठेवतात. म्हणजे माझे युरो जर्मनीतच राहिले आणि आईला जे मिळाले ते आधीपासून भारतातच पडलेले रुपये. मधून गेला तो एक संदेश. थेट ओळख नसलेल्या बँकांमध्ये आणखी एकदोन मध्यस्थ बँका बसतात, त्या आपापलं कापून घेतात, आणि प्रत्येकजण एकदा नाव तपासतो.

लंडनमध्ये राहणाऱ्या दोन एस्टोनियन मित्रांची गोष्ट फिनटेकवाल्यांना पाठ असते. एकाचा पगार युरोत व्हायचा आणि त्याला पौंड लागायचे, दुसऱ्याला पौंडांत पगार आणि एस्टोनियातलं घराचं कर्ज फेडायला युरो. दोघांनी आपसात अदलाबदल केली, बँकेला मध्ये घेतलंच नाही. त्यातून २०११ साली 'ट्रान्सफरवाइज' निघाली, आजची 'वाइज'. (मी त्या रात्री वापरलं ते ॲप हे नव्हे.) कल्पना भन्नाट आहे, पण नवीन नाही. गिरगावातून काळबादेवीकडे चालत गेलात तर जिथे शेकडो वर्षांची ही युक्ती चालायची त्या पेढ्यांच्या रस्त्यावर पोचता. मुंबईच्या सराफाकडे रुपये भरायचे, त्याने लिहून दिलेली हुंडी दूरच्या गावी त्याच्या आडत्याला दाखवायची आणि तिथे रुपये घ्यायचे. पाहताक्षणी पैसे द्यायचे ती दर्शनी, मुदतीनंतर द्यायचे ती मुदती. दोन पेढ्यांचा हिशोब मागाहून उलटसुलट हुंड्यांनी मिटायचा. रस्त्यातल्या चोराला लुटायला कागदाखेरीज काही मिळायचं नाही.

माझ्या आजोबांची हुंडी म्हणजे मनिऑर्डर.

आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. घर रत्नागिरी जिल्ह्यात, आजी आणि मुलं तिकडे, आणि आजोबा गावकऱ्यांच्या गाळ्यात. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळीपाळीने झोपायचं. एकजण पाळीवरून आला की दुसऱ्याने उठून वळकटी गुंडाळायची. जेवण खानावळीत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांचं कर्ज, त्यांचं उधारीचं वहीखातं हे आणखी एक अर्थशास्त्र आहे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढलं ते या बायकांसाठीच. पगार झाला की खानावळीचं देणं चुकवायचं आणि पोस्टात रांग लावायची.

भारतीय टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली १८८० साली. ती गिरण्यांच्या भरभराटीबरोबरच वाढली आणि कोकणात कित्येक घरं तिच्यावर उभी राहिली. 'मनिऑर्डरीवर चालणारा जिल्हा' हे बिरुद रत्नागिरीला उगाच चिकटलेलं नाही. फॉर्मच्या खाली एक पट्टी असायची, कूपन म्हणायचे तिला, त्यावर दोन ओळींचा मजकूर लिहायचा. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, कूपन घेणाऱ्याकडे राहायचं आणि सही किंवा अंगठा घेतलेली पोच पाठवणाऱ्याकडे परत यायची.

आजोबांच्या ट्रंकेत अशा पोचपावत्यांचा गठ्ठा आहे, सुतळीने बांधलेला. प्रत्येकीवर आजीचा अंगठा. आजी नंतर सही करायला शिकली. गठ्ठ्याच्या वरच्या बाजूच्या पावत्यांवर ती सही आहे, अक्षरं एकमेकांपासून फटकून उभी.

या सेवेचं कमिशन पुढच्या काळात दर वीस रुपयांना एक रुपया होतं. पाच टक्के. गिरणी कामगारासाठी ते थोडं नव्हतं. पण ते खिडकीवर सांगितलेलं होतं. शंभर पाठवले तर पाच जास्तीचे मोजायचे आणि गावी शंभरच पोचायचे. हा मुद्दा मी मुद्दाम इथे ठेवतो आहे, कारण पुढे तो लागणार आहे.

*

आता पोयबावडी.

परळच्या बीआयटी चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणारा एक तरुण जुलै १९२० मध्ये लंडनला निघाला. वय २९. त्याआधी सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आला होता. तिथून लंडनला गेला, तर शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अर्ध्यातून परत यावं लागलं. बडोद्याला नोकरीवर गेला, तिथे जातीमुळे राहायला छप्पर मिळालं नाही. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात साडेचारशे रुपये पगारावर प्राध्यापक झाला आणि परत जाण्यासाठी पैसे साठवू लागला. साठवलेले पुरेनात. शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले.

भीमराव आंबेडकरांच्या चरित्रात ही ओळ आपण सगळ्यांनी वाचलेली असते, आणि वाचून पुढे जातो. मी पहिल्यांदाच तिथे थांबलो, कारण माझ्यासमोर ॲपचा कॅल्क्युलेटर उघडा होता. पाच हजार रुपयांचे तेव्हा पौंड किती?

उत्तर विचित्र आहे. ते महिन्यावर अवलंबून होतं.

पहिल्या महायुद्धाआधी रुपयाचा भाव वर्षानुवर्षं एक शिलिंग चार पेन्सला खिळवलेला होता, म्हणजे १५ रुपयांना एक पौंड. युद्धात चांदी महागली, रुपयाचं नाणं चांदीचं, त्यामुळे भाव वर चढत गेला. फेब्रुवारी १९२० मध्ये तो जवळपास दोन शिलिंग दहा पेन्सपर्यंत पोचला. आणि मग कोसळला. १९२१ मध्ये तो एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली आला होता. पौंडात वीस शिलिंग आणि शिलिंगात बारा पेन्स, एवढं लक्षात ठेवून गणित करा. पाच हजार रुपये शिखरावर असताना बदलले तर सुमारे ७०८ पौंड. जुन्या भावाने बदलले तर ३३३. कर्ज तेच, मित्र तोच, फेडायचे रुपयेही तेवढेच. लंडनमधले दिवस मात्र निम्म्याहून कमी.

हे कुणा एकाच्या नशिबाचं गणित नव्हतं. सरकारने बॅबिंग्टन स्मिथ समितीच्या सल्ल्यावरून रुपया सोन्याच्या दोन शिलिंगांना बांधायचा ठरवला आणि तो भाव टिकवण्यासाठी १९२० मध्ये महिनोन्महिने भारतातून लंडनवर हुंड्या विकल्या, 'रिव्हर्स कौन्सिल' नावाच्या. जवळजवळ साडेपाच कोटी पौंडांच्या. बाजारापेक्षा स्वस्तात पौंड मिळत होते, तेव्हा ज्यांना भारतातून नफा बाहेर न्यायचा होता त्यांनी रांगा लावल्या. तोटा भारताच्या तिजोरीचा. एवढं करून भाव टिकला नाहीच.

लंडनमध्ये आंबेडकर प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाच्या घरात काही काळ राहिले (महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं, तिथे आता स्मारक आहे). दिवसभर ग्रंथालय, रात्री पापड भाजून पोट भरायचं, असं चरित्रकारांनी नोंदवलं आहे. मधल्या काळात त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव घातलं. बॉन माझ्या घरापासून लोकलने अर्ध्या तासावर आहे. तेव्हा जर्मन मार्क घसरणीला लागला होता. नोव्हेंबर १९२३ पर्यंत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. चलन म्हणजे काय हे शिकायला त्या वर्षांतलं युरोप ही चांगली शाळा होती. आणि इकडे परळला रमाबाई दोन खोल्यांत संसार ओढत होत्या. सातासमुद्रापलीकडून पैसे येतील अशी सोय नव्हतीच. उलट घरातला कमावता माणूसच तिकडे कर्जावर जगत होता.

या माणसाने डॉक्टरेटसाठी विषय घेतला : 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. रुपयाचा प्रश्न.

*

मी ते पुस्तक फोनवर वाचलं, ट्राममध्ये, बरंचसं अडखळत. मला अर्थशास्त्र येत नाही. पण त्यातला एक धागा मी सोडला नाही, तो सांगतो.

एकोणिसाव्या शतकात भारत चांदीवर चालायचा आणि इंग्लंड सोन्यावर. भारत सरकारला दरवर्षी लंडनमध्ये मोठ्या रकमा द्याव्या लागत : कर्जावरचं व्याज, निवृत्त साहेबांची पेन्शनं, इंडिया ऑफिसचा खर्च. याला 'होम चार्जेस' म्हणत. हे पैसे तिकडे पाठवायचे कसे? तर पाठवायचेच नाहीत. लंडनमध्ये दर बुधवारी बँक ऑफ इंग्लंडमार्फत 'कौन्सिल बिल' नावाच्या हुंड्या विकल्या जात. मँचेस्टरच्या ज्या व्यापाऱ्याला मुंबईचा कापूस घ्यायचा आहे तो लंडनमध्ये पौंड भरून हुंडी घेई, त्याचा मुंबईतला माणूस सरकारी तिजोरीत ती दाखवून रुपये उचले आणि कापूसवाल्याला देई. लंडनचे पौंड पेन्शनीला गेले, मुंबईचे रुपये शेतसाऱ्यातून आले. म्हणजे वाइजवाल्या दोन मित्रांचीच युक्ती, फक्त इथे एक मित्र साम्राज्य होता. पैसा जागचा हलला नाही, कापूस मात्र गेला.

मग जर्मनीने १८७१ नंतर चांदी सोडून सोनं धरलं, इतर देशही त्या वाटेला लागले आणि चांदीचा भाव पडत गेला. सुमारे दोन शिलिंगांचा रुपया वीस वर्षांत सव्वा शिलिंगावर आला. तेवढेच पौंड भरायला जास्त रुपये लागू लागले. आणि भारतात नोकरी करणाऱ्या इंग्रजांनी बोंब ठोकली. पगार रुपयांत, बायकामुलं इंग्लंडात, घरी पाठवायचे पौंड महिन्यागणिक कमी. आजच्या एनआरआयचं दुखणं, फक्त दिशा उलटी. सरकारने काय करावं? १८९३ मध्ये युरोपीय अधिकाऱ्यांना चक्क विनिमय-भरपाई भत्ता दिला. पगाराचा अर्धा भाग बाजारात काहीही भाव असो, एक शिलिंग सहा पेन्सच्या हिशोबाने. हे वाचून मी माझ्या जर्मन मॅनेजरला असा भत्ता मागावा का, असा विचार करून बघितला.

त्याच वर्षी, जून १८९३ मध्ये, सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. तोपर्यंत कुणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. आता किती रुपये असावेत हे सरकार ठरवणार. केन्स यांनी १९१३ मधल्या पुस्तकात या व्यवस्थेची तरफदारी केली होती. आंबेडकरांनी ती खोडून काढली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की रुपये पाडायचा अधिकार सरकारच्या मर्जीवर सोडलात तर भाव स्थिर राहणार नाहीत. संख्याच बांधून टाका. आणि परदेशी चलनाशी दर टिकतो की नाही यापेक्षा रुपयात देशात काय विकत मिळतं ते आधी बघा.

पण मला भिडला तो याच्या आधीचा भाग. रुपया घसरत होता त्या वीस वर्षांत मुंबईच्या गिरण्या जोरात होत्या, त्यांचं सूत चीनला जात होतं. घसरता रुपया निर्यातीला चांगला, हे आजही टीव्हीवर सांगतात. आंबेडकर विचारतात, हा फायदा आला कुठून? परदेशातून नाही आला. महागाई वाढली तशी मजुरी वाढली नाही, त्या फरकातून आला. मालकाच्या खिशातली वाढ ही कामगाराच्या ताटातली तूट होती. देशाचा फायदा म्हणून जे दाखवलं जातं ते देशातल्याच एका वर्गाकडून काढून दुसऱ्याला दिलेलं असतं.

परळच्या चाळीत गिरण्यांच्या भोंग्यावर दिवस मोजत वाढलेल्या माणसाने हे लिहिलं होतं. केन्स यांना गिरण्यांचे आकडे माहीत असतील. साचेखात्यात काम करणारा शेजारी त्यांना नव्हता.

ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध सादर झाला. परीक्षकांना तो झोंबला. भाषा सौम्य करून पुन्हा द्या, म्हणाले. तोवर पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये आंबेडकर मुंबईला परतले आणि दुरुस्त केलेला प्रबंध मुंबईहून पाठवला. निष्कर्ष बदलले नाहीत. तो मान्य झाला आणि वर्षअखेर लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने पुस्तक छापलं. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत आपले मतभेद नोंदवूनही त्याचं कौतुक केलं. रुपयाच्या घसरणीवरचं पुस्तक लेखकाचेच रुपये संपल्यामुळे परळला येऊन पुरं झालं.

तुमच्या व्हॉट्सॲपवरही तो फॉरवर्ड येत असेल, की या पुस्तकावरून रिझर्व्ह बँक स्थापन झाली. तेवढं सरळ नाही. रुपयाचा विचार करायला नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे आंबेडकरांनी १५ डिसेंबर १९२५ रोजी साक्ष दिली, हे खरं. आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली, हेही खरं. पण आंबेडकरांचा भर बँकेवर नव्हता, रुपया कुणाच्या मर्जीवर सोडू नका यावर होता. फॉरवर्डमुळे माणूस मोठा होतो आणि त्याचा प्रश्न हरवतो, अशी माझी तक्रार आहे.

आयोगाने दर ठरवला एक शिलिंग सहा पेन्स. मुंबईच्या गिरणीवाल्यांना आणि व्यापाऱ्यांना एक शिलिंग चार पेन्स हवा होता, पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडली, दोन पेन्सवरून सभा गाजल्या. १९२७ मध्ये कायदा झाला. पौंडाशी तो दर टिकला ६ जून १९६६ पर्यंत. त्या दिवशी डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला.

*

मधली वर्षं मी भराभर उलटतो. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धामुळे परकीय चलनावर नियंत्रण आलं ते युद्ध संपल्यावरही गेलं नाही. १९४७ चा कायदा, मग १९७३ चा 'फेरा'. साठच्या दशकात दादर-गिरगावातून अमेरिकेला गेलेल्या पिढीची आठ डॉलर खिशात घालून निघाल्याची गोष्ट तुम्ही एखाद्या आत्याच्या सासऱ्यांकडून ऐकली असेल. तेवढेच न्यायला मिळायचे. आज माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. आखातात माणसं गेली तेव्हा अधिकृत दर आणि बाजारातला दर यांच्या फटीत हवाला फोफावला. गुन्हेगारीचे सिनेमे त्यावर निघाले, पण मुळात ती हुंडीच होती, कायद्याच्या बाहेर गेलेली.

१९९१ वर मात्र थांबायला हवं. परदेशस्थ भारतीयांनी जास्त व्याजासाठी इथल्या बँकांत ठेवलेल्या डॉलरच्या ठेवी घबराटीत काढून घ्यायला सुरुवात केली. गंगाजळी आटली. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने परदेशात गहाण ठेवायला गेलं. याच वेळी घरखर्चासाठी पाठवले जाणारे पैसे असे पळून जात नाहीत, हेही दिसलं. व्याज बघून आलेला डॉलर व्याज बघून जातो. आईच्या गोळ्यांसाठी आलेला कुठे जाणार?

असे पैसे आज किती येतात? २०२४-२५ मध्ये १३५ अब्ज डॉलर. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत राज्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा होता, २०.५ टक्के, केरळच्याही किंचित पुढे. आणि जागतिक बँकेच्या मोजणीनुसार जगभरात दोनशे डॉलर पाठवायला सरासरी सहा टक्क्यांहून जास्त खर्च येतो. म्हणजे आजोबांच्या मनिऑर्डरीहून महाग. भारतात पाठवणं त्यामानाने स्वस्त पडतं, आणि सिंगापूरहून तर फेब्रुवारी २०२३ पासून यूपीआय जोडलेलं आहे, फोन नंबरावर पैसे येतात.

माझ्या 'शून्य शुल्क' व्यवहाराचं काय? बाबा घरी आल्यावर मी तो पुन्हा उघडला. त्या संध्याकाळी बाजारात युरो ८९.४० रुपये होता. ॲपने मला दिला ८७.६०. प्रत्येक युरोमागे एक रुपया ऐंशी पैसे, २,८५० युरोंवर ५,१३० रुपये. दोन टक्के. पाच टक्क्यांपेक्षा कमीच की, असं तुम्ही म्हणाल, आणि बरोबर आहे. पण आजोबांना त्यांचे पाच टक्के माहीत होते. मला माझे दोन टक्के पावतीवर कुठेच दिसले नाहीत, दर म्हणजे जणू हवामान, जो आहे तो आहे. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो. 'शुल्क : शून्य' ही ओळ कुणीतरी डिझाइन मीटिंगमध्ये बसून ठरवली असणार, हे मला कळायला हवं होतं. एक शिलिंग सहा पेन्स हेही एका खोलीत बसून ठरलं होतं.

काकांचे एक लाख ऐंशी हजार मी पाचव्या दिवशी परत केले. व्याज म्हणून काही देऊ का, असं बाबांकरवी विचारलं तर ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

आता मी दर महिन्याला पाठवतो, वेगळ्या ॲपवरून, आईचं तीन शब्दांचं नाव जसंच्या तसं लिहून. पैसे कशासाठी, त्याचा कोड निवडतो : पी १३०१, कुटुंबाचा निर्वाह आणि बचत. खाली एक छोटी चौकट असते, 'संदर्भ'. आजोबांच्या कूपनची ही नात. परवा मी तिच्यात देवनागरीत लिहिलं : 'बाबा, मीठ कमी'. चौकट लाल झाली, 'अवैध अक्षरे'. बँकांच्या जुन्या संदेशपद्धतीत रोमन अक्षरांशिवाय काही बसत नाही. मग तेच रोमनमध्ये टाइप केलं आणि पाठवलं. संध्याकाळी आईचा फोन आला, की पासबुकात एन्ट्री छापून आणली, पैसे आलेत, पण पुढे काहीतरी इंग्लिशमध्ये लिहिलंय, ते काय आहे?